गुप्तहेर पदर खोचून येते

रहस्यकथा म्हटली की आपल्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आठवतात. वाचनालयातून आणलेली ती लहानशी पुस्तके वडीलधाऱ्यांची नजर चुकवून, अभ्यासाच्या वहीखाली दडवून वाचण्यात आपल्यापैकी अनेकांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या असतील. नायक धाडसी, संकट प्राणांतिक आणि पानापानावर थरार, अशी त्या पुस्तकांची ओढ होती.

आज मला ज्या रहस्यकथांविषयी आपल्याशी बोलायचे आहे, त्यांची जात निराळी आहे. इंग्रजीत त्यांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात. आपण त्यांना घरगुती रहस्यकथा म्हणू. या कथांत गाव लहान असते आणि माणसे एकमेकांना ओळखत असतात. गुन्हा घडतो, पण बहुधा पडद्याआड; रक्तपाताची वर्णने नसतात. शेवटी सत्य उजेडात येते आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शोध लावणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते. पुष्कळदा ती चारचौघींसारखी, हाताने काम करून पोट भरणारी एखादी स्त्री असते. कुणी परिचारिका, कुणी घरकाम करणारी, कुणी समारंभांचे स्वयंपाक करणारी, तर कुणी हॉटेलातल्या खोल्या आवरणारी.

आरोग्यविषयक पाक्षिकात खुनाच्या गोष्टींचे काय काम, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, घराची आणि घरातल्या आजारी माणसाची रोजची लय ओळखणे, आणि ती बिघडली की सर्वांआधी लक्षात येणे, हेच या कथांचे खरे मर्म आहे. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला नेमके हेच कौशल्य लागते. आणि ते बहुधा अशा व्यक्तीपाशी असते, जिला कुणी काही विचारत नाही.

म्हातारी आणि मदतनीस

अगाथा ख्रिस्तीची 'फोर फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन' ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. आगगाडीने प्रवास करणाऱ्या एका वृद्ध बाईंना शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या खिडकीत एक पुरुष एका स्त्रीचा गळा दाबताना दिसतो. त्या तक्रार करतात. चौकशी होते, पण प्रेत कुठेच सापडत नाही. वय झालेल्या बाई, डुलकी लागली असेल, भास झाला असेल, अशीच सर्वांची समजूत होते. वयस्कर माणसाने पाहिलेली गोष्ट किती सहज भास ठरते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

त्यांच्यावर विश्वास ठेवते ती त्यांची मैत्रीण मिस मार्पल. गाड्यांचे वेळापत्रक आणि नकाशा पाहून, तोच प्रवास पुन्हा करून ती अंदाज बांधते की प्रेत रुळांच्या एका वळणावरून रदरफर्ड हॉल नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात टाकले गेले असावे. इथपर्यंत बुद्धीने वाट काढली. पुढे मात्र शरीर साथ देत नाही. झुडपांत शिरणे, उतारावर चढणे-उतरणे हे आता आपल्याच्याने होणार नाही, हे ती ओळखते. ते मान्य करताना ती खंतावते, पण त्यासाठी शोध सोडून देत नाही. तिला ल्यूसी आयलेसबॅरो आठवते.

ही ल्यूसी मला फार आवडते. ऑक्सफर्डमध्ये गणितात पहिला वर्ग मिळवलेली, बत्तिशीची ही मुलगी प्राध्यापकी न करता घरकामाचा व्यवसाय पत्करते. चांगल्या, चोख घरकामाची जगाला सर्वांत जास्त टंचाई आहे, हे तिने हेरलेले असते. न्यूमोनियातून उठलेल्या मिस मार्पलच्या घरीही तिने पूर्वी काही दिवस काम केलेले असते. आता तिच्या सांगण्यावरून ल्यूसी रदरफर्ड हॉलमध्ये नोकरी धरते. वाड्यात एक चिडखोर, कंजूष वृद्ध गृहस्थ आणि त्यांची काळजी वाहणारी अविवाहित मुलगी राहत असतात. ल्यूसी स्वयंपाक करते, चांदीची भांडी घासते आणि फावल्या वेळात गोल्फचा सराव करण्याच्या निमित्ताने आवार धुंडाळते. प्रेत तीच शोधून काढते. पुढे एका जेवणानंतर सारे घर एकाएकी आजारी पडते, तेव्हा स्वयंपाक करणारीही ती आणि सर्वांची शुश्रूषा करणारीही तीच असते. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. वाचकाचा तो हक्क मी हिरावून घेणार नाही.

मला यातली जोडी महत्त्वाची वाटते. एकीकडे अनुभव आणि तर्क, दुसरीकडे चालते पाय आणि कामसू हात. थकलेल्या बाईने आपली शक्ती संपली म्हणून विचार करणे थांबवले नाही, आणि तरुण बाईने आपण नोकर आहोत म्हणून डोळे मिटून घेतले नाहीत.

ख्रिस्तीला ही माणसे कुठून भेटली असतील? पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयात तिने स्वयंसेविका म्हणून रुग्णांची सेवा केली आणि मग तिथल्याच औषधालयात काम केले. १९१७ साली त्यासाठीची परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. विषांचे तिचे अचूक ज्ञान तिथलेच. गोष्टी रचणारी ही बाई मुळात औषधे मोजून देणारी एक कामकरी स्त्री होती.

उशाशी बसलेली गुप्तहेर

ख्रिस्तीच्याही आधी अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या लेखिकेने हिल्डा ॲडम्स नावाची परिचारिका निर्माण केली. राइनहार्टने स्वतः पिट्सबर्ग येथे परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतले होते. हिल्डाची पहिली कथा १९१४ सालची. ज्या घरात काही काळेबेरे असल्याचा संशय असेल, तिथे पोलीस अधिकारी तिला आजाऱ्याची परिचारिका म्हणून पाठवतो. पिंकर्टन ही त्या देशातली प्रसिद्ध गुप्तहेर संस्था. तिच्या नावावरून तो हिल्डाला गमतीने 'मिस पिंकर्टन' म्हणतो. याच नावाची कादंबरी १९३२ साली आली.

रात्रीच्या पाळीला उशाशी बसलेल्या परिचारिकेइतके घर कुणाला दिसते? कोण आजाऱ्याला भेटायला येते आणि कोण दारावरूनच परत जाते, कुणाच्या पावलांची चाहूल लागली की रुग्णाचा चेहरा बदलतो, औषधाच्या बाटलीतली पातळी काल किती होती आणि आज किती आहे, हे सारे तिच्या नोंदीत असते. घरची माणसे मात्र तिच्यादेखत निर्धास्त बोलतात, जणू ती खोलीतली खुर्चीच आहे.

याच राइनहार्टने पुढे एक मोठे काम केले. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९४७ साली, जेव्हा हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई, तेव्हा तिने 'लेडीज होम जर्नल' या मासिकातून ते उघडपणे सांगितले आणि स्त्रियांनी वेळीच तपासणी करून घ्यावी असा आग्रह धरला. शरीरातल्या लहानशा खुणेकडे दुर्लक्ष करू नका, हे सांगण्याचा अधिकार या रहस्यकथालेखिकेहून अधिक कुणाला असणार?

आमच्या घरातले एक रहस्य

आता पुस्तकाबाहेर येऊन आमच्या घरातली एक हकीकत सांगते. माझ्या सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. त्यांचे हृदय अशक्त झाले होते आणि अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी सुरू केली होती; घरात आम्ही तिला 'पाण्याची गोळी' म्हणत असू. सकाळी आठला न्याहारीबरोबर ती घ्यायची. गोळ्यांची सात खणांची डबी मी दर रविवारी भरून ठेवी, आणि डबी रोज वेळेवर रिकामी होई.

तरीही दोन महिन्यांत त्यांचे पाय सुजू लागले. रात्री एक उशी पुरेनाशी झाली. दोनच्या तीन झाल्या. उताणे झोपले की दम लागे. डॉक्टरांनी रक्त तपासले, मूत्रपिंडे तपासली. लोणचे-पापड बंद झाले, मिठाचे प्रमाण घटले. सूज कधी कमी होई, कधी वाढे. औषधाची मात्रा वाढवावी, आणि तरीही उतार पडला नाही तर रुग्णालयात ठेवावे, असा विचार सुरू झाला होता.

आमच्याकडे मावशी कामाला येत. साडेसातला येऊन आधी त्या सासूबाईंच्या खोलीलगतच्या संडासातली बादली काठोकाठ भरून ठेवत, कारण तिथल्या नळाला धार बारीक. मग भांडी, केर, कपडे. आणि दहाच्या सुमारास शेवटी तिथली फरशी पुसत. एका शुक्रवारी काम आटोपल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक बोलू का? आजींना रागावणार नसाल तर सांगते."

त्यांनी सांगितले ते असे. एरवी दहा वाजेपर्यंत ती बादली तळाला जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ती जशीच्या तशी भरलेली असते. मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाई साडेनऊला देवीच्या देवळात भजनाला जात. पण आठ ते साडेनऊ तर त्या घरातच असत. मग त्या दीड तासात, आणि त्याच दोन दिवशी, बादलीला हात का लागत नसावा? हा प्रश्न मावशींच्या मनात तीन आठवडे घोळत होता. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. सासूबाईंच्या सपातीचा पट्टा बुधवारी आणि शनिवारी शेवटच्या भोकात असे. आठवडा मध्यावर आला की तो आत सरके. त्या दिवशी सकाळी तुळशीच्या कुंडीभोवतीचा केर काढताना मातीत त्यांना पांढरा चुरा दिसला. सासूबाई न्याहारीनंतर न चुकता तुळशीला पाणी घालत.

आणि एवढे जोडूनही मावशी थेट माझ्याकडे आल्या नव्हत्या. आधी सासूबाईंजवळ बसून मेथी निवडता निवडता त्यांनी विषय काढला होता. "आजी, भजनातून सारखं उठावं लागतं का हो?" एवढेच विचारले. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग बोलल्या. देवळाला संडास नव्हता. समोरच्या एका घरी जावे लागे. तीन वेळा त्यांनी त्या घराची कडी वाजवली होती. चौथ्या वेळी वेळेवर पोहोचता आले नव्हते. त्या दिवसापासून भजनाच्या दिवशीची गोळी तुळशीला जाऊ लागली. ही गोष्ट त्या मुलाला सांगू शकत नव्हत्या, सुनेला नाही आणि डॉक्टरांना तर नाहीच. मावशींनी त्यांची परवानगी घेतली, आणि मगच त्या माझ्याशी बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी एकटीने बोलले. त्यांनी मात्रा वाढवली नाही. भजनाच्या दिवशी ती गोळी घरी परत आल्यावर, दुपारी जेवणाच्या वेळी घ्यावी असे ठरवून दिले. काही औषधांच्या वेळा अशा बदलता येतात, काहींच्या नाही. म्हणून हा निर्णय नेहमी डॉक्टरांचाच असावा, परस्पर बदल करू नये. आमच्याकडे पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली आणि तिसरी उशी कपाटात गेली. सासूबाई त्यानंतर तीन वर्षे भजनाला जात होत्या. एकदा देवीच्या ओटीतला नारळ त्यांनी स्वतःच्या हाताने मावशींच्या पिशवीत ठेवलेला मी पाहिला. दोघीही त्यावर काही बोलल्या नाहीत.

या रहस्यात खलनायक कुणीच नव्हता. एक म्हातारी बाई आपली लाज आणि आपले भजन, दोन्ही राखू पाहत होती, इतकेच. परंतु शोध लागला तो एका भरलेल्या बादलीवरून. ती बादली मी पाहिली असती तरी मला ती नुसती भरलेली बादली दिसली असती. कारण ती रोज भरणारे हात माझे नव्हते. ख्रिस्तीने ल्यूसीच्या हाती झाडू आणि भांडी का दिली, हे मला त्या दिवशी उमगले. काम करणाऱ्याला वस्तूंची कालची जागा ठाऊक असते, म्हणून आजचा फरक त्याला दिसतो.

मिस नाइट आणि चेरी

काळजी घेणाऱ्यांसाठी ख्रिस्तीचे आणखी एक पुस्तक सुचवते. 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड' हे १९६२ सालचे. लेखिकेने स्वतः सत्तरी ओलांडलेली होती. यातली मिस मार्पल अधिकच थकली आहे. विणताना टाके सुटतात, बागकामाला मनाई आहे. तिच्या सोबतीला मिस नाइट नावाची बाई ठेवलेली आहे. ही बाई दुष्ट नाही. उलट अतिशय प्रेमळ आहे. पण ती मिस मार्पलशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलते. मिस मार्पल मग तिला दुकानांतल्या लांबलचक कामांना धाडते आणि ती दूर गेली की हळूच एकटी फिरायला बाहेर पडते. आपल्या घरातल्या एखाद्या आजोबांची आठवण झाली का?

त्याच घरात कामाला येणारी चेरी मात्र मिस मार्पलशी बरोबरीने गप्पा मारते. कपबशा धुताना तिच्या हातून त्या फुटतात, पण म्हातारीचे डोके शाबूत आहे हे तिला ठाऊक असते. शेवटी मिस मार्पलला कुणाचा सहवास लाभतो, ते पुस्तकात वाचावे. आणि तिच्या डॉक्टरांचा सल्ला तर गमतीचा आहे. टाके सुटतात म्हणून खिन्न झालेल्या मिस मार्पलला ते सुचवतात की तिला आता एखादे चांगलेसे खुनाचे प्रकरण हवे. थट्टेतला हा उपचार खरा ठरतो. डोक्याला काम आणि आपल्या मताला किंमत मिळाली की ती पुन्हा टवटवीत होते.

रहस्यकथा वाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मी करणार नाही. पण ज्यांच्याकडून घराने विचार करण्याची अपेक्षा सोडून दिली आहे, त्यांना "तुम्हाला काय वाटतं, कुणी केलं असेल?" असे विचारून पाहावे. सासूबाईंच्या अखेरच्या वर्षात मी त्यांना या गोष्टी मराठीत सांगत असे. गुन्हेगार ओळखण्यात त्या माझ्यापेक्षा तरबेज होत्या.

आरंभ कसा करावा

डोळे लवकर थकत असतील तर कुणाकडून वाचून घ्यावे किंवा ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकावे. दिवसाला एक प्रकरण पुरे. दुपारच्या चहानंतरची वेळ उत्तम. इंग्रजी नावे लक्षात राहत नाहीत, ही सर्वांचीच तक्रार असते. त्यासाठी एका कागदावर ठळक अक्षरांत पात्राचे नाव आणि त्यापुढे त्याची ओळख लिहून पुस्तकात खुणेसाठी ठेवावी. आदला भाग विसरला असेल तर "आठवत नाही का?" असे न विचारता, दोन वाक्यांत तो आपणच सांगून पुढे जावे. विसर अधिक पडत असेल तर कादंबरीऐवजी लघुकथा घ्यावी, जी एका बैठकीत संपते. ख्रिस्तीची अनेक पुस्तके मराठीतही आली आहेत. अलीकडचे हवे असेल तर रिचर्ड ऑस्मन यांचे २०२० सालचे 'द थर्सडे मर्डर क्लब' पाहावे. त्यातले चार ज्येष्ठ नागरिक निवृत्तांच्या वसाहतीत राहून गुन्ह्यांचा छडा लावतात, आणि त्यांतली जॉइस ही पूर्वाश्रमीची परिचारिका आहे.

आणि पुस्तक मिटल्यावर एक लहानसे काम करावे. आपल्या घरी ज्या मावशी, ताई किंवा ब्रदर येतात, त्यांना आठवड्यातून एकदा निवांत बसवून चहा द्यावा आणि विचारावे, "या आठवड्यात तुम्हाला काही वेगळं दिसलं का?" ताटात काय उरते, कोणत्या चपला वापरात नाहीत, कुठला दिवा रात्रभर जळतो, अंघोळीला किती वेळ लागतो, यांतले काहीही त्या सांगतील. ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्र जे कळेल ते चारचौघांत उघड करू नये. पुस्तकातला गुप्तहेर शेवटी सर्वांना दिवाणखान्यात जमवून रहस्य फोडतो; आपल्या घरी ते आधी त्या वृद्ध माणसाच्याच कानात, मेथी निवडता निवडता सांगावे.